गाणं थांबायचं ती जागा

भिंतीला टांगलेली वाकळ बघून आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. वाकळ त्यांनीच शिवलेली, जुन्या लुगड्यांची, लग्न झाल्यावर मला दिलेली. त्यांनी ती खालून वरपर्यंत न्याहाळली, मग लेकाकडं बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "भिंतीला थंडी वाजायलीय का रं?"

मी आत पोळ्या लाटत होते. हसण्याच्या नादात माझी पोळी लातूरच्या नकाशासारखी झाली.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. तर आत्याबाईंना आमच्या ह्यांनी समजावलं, की गाणं वाजायला लागलं की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि सुरांचा गिचका होतो; वाकळ तो आवाज पिऊन घेते. आत्याबाई म्हणाल्या, "मग येऊ दे की परत. आपलाच हाय."

ह्या माणसाला समजावून सांगायची लय हौस, आणि ऐकणारी सगळी माणसं आमच्यासारखी. आमचे हे रेल्वेत, सिग्नल खात्यात, पूर्णेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घर रुळापासून हाकेच्या अंतरावर. मालगाडी गेली की मांडणीतली ताटं वाजतात. अशा घरातल्या पुढच्या खोलीत ह्यांनी दिवसाउजेडी खिडक्या बंद केल्या, भिंतीला वाकळ ठोकली, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि मला सांगितलं, की आता ही खोली गाण्याची. पाहुणे आले तर कुठं बसवायचे, ते सांगितलं नाही.

ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण आधी सांगते, नाहीतर वाटेल नवऱ्याला नुसता नाद लागला होता. नाद होताच, नाही असं नाही. पण कारण आत्याबाई होत्या. पेडगावला हापशापाशी पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं. आम्ही त्यांना पूर्णेला घेऊन आलो. प्लास्टर निघालं, हाताला बळ आलं, आणि लगेच त्यांनी पिशवी भरायला घेतली. "मला गाडीत बसवून दे," एवढंच. सासरे गेल्यापासून त्या गावात एकट्याच राहत होत्या आणि परत एकटंच राहायला निघाल्या होत्या.

ह्यांना ते नको होतं. सासू-सासरे ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती ऊन तापल्यावर परत यायची. हे गावात चुलतीकडं राहून शिकले. म्हणजे वर्षातली अर्धीच आई वाट्याला आली. पुढं नोकरी लागली ती पूर्णेला, आणि आई राहिली पेडगावला. आता हात मोडला म्हणून का होईना, ती ह्यांच्या घरात, ह्यांच्या ताटापुढं बसून जेवत होती. "आता हिला जाऊ द्यायचं न्हाई," असं हे मला म्हणाले. पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर अर्धे केस, आणि आवाज अगदी लेकराचा.

आता म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून कसं घ्यायचं? मी म्हटलं, त्यांना शेजारणी जोडून द्या, दोन कोंबड्या आणा. ह्यांनी ठरवलं, यंत्र करायचं.

आत्याबाईंना गाण्याचं वेड, हे घरात सगळ्यांना माहीत. त्यांचा एक टेपरेकॉर्डर होता, तो कधीच मेला. तेव्हापासून त्या नुसत्या गुणगुणायच्या. ह्यांचं म्हणणं, आईला पोटभर गाणी मिळाली तर ती राहील. आणि गाणी द्यायची तर फोनवरची नाही. फोनवरचं गाणं म्हणजे पाणी घातलेलं दूध. गाणं दाबून लहान केलं की त्यातलं काहीबाही गळून पडतं. न दाबलेलं, न गाळलेलं गाणं ठेवायचं, आणि ते ठेवायला घरात वेगळा सर्व्हर करायचा.

सर्व्हर म्हणजे काय, तर पोळीच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर. त्याला दुसरं काम नाही, फक्त गाणी सांभाळायची आणि मागितलं की द्यायची. त्याला पंखा नाही, कारण पंख्याची घरघर ऐकू येते. त्याच्या शेजारी आणखी एक डबी, ती कॉम्प्युटरच्या आकड्यांचा आवाज करते. मग अॅम्प्लिफायर, मग दोन स्पीकर. हे सगळं ह्यांनी हळूहळू जमवलं, कुठून कुठून मागवलं, आणि मी विचारलं की "जुनंच हाय" म्हणायचे. खोक्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसायचं.

पहिल्यांदा चालू केलं तर स्पीकरमधून नुसतीच घूं घूं. ह्यांनी निदान केलं, अर्थिंग खराब. मग सुट्टीच्या दिवशी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि खडेमीठ भरलं, तार सोडली. आत्याबाई पायरीवर बसून बघत होत्या. "मिठात काय लावायलास?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, आवाज साफ व्हायला करायलोय, रोज ह्यात पाणी घालायचं. आत्याबाईंनी ते काम आनंदानं अंगावर घेतलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायच्या आणि मला म्हणायच्या, "उगवलं तर उगवलं."

घूं घूं मात्र खरंच गेली.

मग बसायची जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा तिकोन जमला पाहिजे, कानाच्या उंचीला स्पीकरचं तोंड आलं पाहिजे. ह्यांनी मापं घेऊन मधोमध खुर्ची मांडली. आत्याबाई आल्या आणि खुर्चीशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसल्या. खुर्चीवर बसून गाणं ऐकायचं, हे त्यांच्या रीतीत नाही. ह्यांनी स्टँड काढून टाकले, अंगणातून विटा आणल्या आणि स्पीकर विटांवर ठेवून खाली उतरवले, पार आत्याबाईंच्या कानाशी येईपर्यंत. मी दारातून बघत होते. मापं घेणाऱ्या माणसावर मी एरवी लय चिडते, पण त्या दिवशी चिडले नाही.

गाणी म्हणजे बाजारात मिळणारी चांगली भीमगीतं, बुद्धगीतं, स्टुडिओत केलेली, झकास. आधी मालगाडी जायची वाट बघितली. सिग्नलवाला माणूस, गाड्या तोंडपाठ. आमच्या घरात गाणं ऐकायलासुद्धा लाइन क्लिअर लागायची. गाडी गेली, दार लावलं, गाणं सुरू झालं. खरंच सांगते, तबला असा वाजत होता की वाटावं, वाजवणारा वाकळीमागं लपलाय.

गाणं संपल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं हाय?"

"चांगलं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचं 'चांगलं हाय' मला ठाऊक आहे. मी एकदा दोडक्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकलं होतं, तीही त्यांनी चांगलं हाय म्हणून खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा दाराशी आली.

ह्यांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ते आमचे हे कसले. त्यांना आठवलं, आईच्या जुन्या कॅसेटी गावाकडच्या घरात असतील. पेडगावला जाऊन आले आणि येताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात कॅसेटी, त्यांना उंदीर लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला. बाजारातल्या कॅसेटी थोड्या. बाकीच्या आत्याबाईंनी स्वतः भरलेल्या.

ह्या भरलेल्या कॅसेटींची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं भीमजयंतीला गायन पार्टी बोलावतात. पेटी, ढोलकी, बँजो, पुढं गायक, मागं कोरस. पार्टी गाणं म्हणत असते, तेव्हा समोरची माणसं उठून बक्षीस देतात. दिलेलं बक्षीस गुपचूप खिशात घालायची रीत नाही. गायक ओळ अर्ध्यावर सोडतो, ढोलकी थांबते, पेटी बारीक वाजत राहते, आणि तो माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतो, बापाचं नाव पुकारतो, पार्टीकडून आभार मानतो, जयभीम घालतो. मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलतो. एखादं कडवं रंगलं तर असं किती वेळा होईल सांगता येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, हे गाणं संपणार तरी कधी. माझ्या माहेरी, चारठाण्यालाही असंच. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

आत्याबाईंनी टेपरेकॉर्डर घेतला तो ऊसतोडीवरून आल्यावर. गावातल्या बाईनं मशीन घेतलं म्हणून लोक हसले. जयंतीत त्या पार स्टेजपुढं जाऊन बसायच्या, मशीन मांडीवर, दोन्ही बटणं एकदम दाबायची. शेजारी त्यांची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून राहणारी, त्याच टोळीत ऊस तोडणारी. त्यामुळं टेपमध्ये गायक दूर आणि ह्या दोघी जवळ. बांगड्या वाजतात, कुणी खोकतं, कोरस म्हणताना आत्याबाईंचा आवाज गायकाच्या वर जातो.

ह्यांनी परभणीहून एक जुनं कॅसेट डेक आणलं आणि दुरुस्त केलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर स्पिरिट, कापूस, पेन्सिली, बारीक स्क्रू. आम्ही बरेच दिवस जमिनीवर बसून जेवलो, आत्याबाई त्यावर खूश होत्या. एक कॅसेट तुटली, ती ह्यांनी श्वास रोखून चिकटवली. सगळ्या टेपा एक एक करून सर्व्हरमध्ये उतरवल्या, जशाच्या तशा, मोठ्यात मोठ्या दर्जाच्या.

इथवर ठीक होतं. पण नंतर ह्यांच्यातला रेल्वेवाला जागा झाला. रुळावर मध्येच काही उभं असलेलं ह्यांना सहन होत नाही. कॉम्प्युटरवर गाण्याची रेघ उमटते, वरखाली होणारी. ह्यांनी ती बघून बघून गाणी साफ करायला घेतली. आधी खरखर काढली. मग खोकला. मग बांगड्या. मग म्हणाले, हे मधीमधी थांबणं कशाला? बक्षिसाची पुकार कापली. पुकार कापली की तीच ओळ दोनदा यायला लागली, म्हणून एक ओळ कापली. सांधा असा जोडला की कुणाला कळू नये. कित्येक संध्याकाळी कानावर हेडफोन लावून हा गडी एका ढोलकीच्या ठोक्यावर बसून राहायचा. शेवटी मला ऐकवलं. खरं सांगते, मलाही आवडलं. गाणं एका दमात धावत होतं. गावच्या पार्टीचं गाणं असं असतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

"आता बघ," हे म्हणाले.

आत्याबाईंना बसवलं. मालगाडी गेली. दार लागलं. पेटी वाजली आणि पहिल्या सुरालाच आत्याबाईंनी मान वर केली. चांगलं हाय वगैरे काही नाही. सरळ म्हणायलाच लागल्या. इतके दिवस माझ्या घरात गुणगुणणारी बाई तोंड उघडून गायला लागली. आवाज थरथरता, पण पक्का. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही पगारवाढ झाली.

दुसरी ओळ अर्धी म्हणून आत्याबाई थांबल्या. डावा हात जरा वर, मान कलती. वाट बघायला लागल्या. गाणं थांबलं नाही. ओळ पुरी करून पुढच्या ओळीवर गेलं. आत्याबाई दचकल्या, मग घाईनं शब्द गाठले. पुढच्या कडव्यात पुन्हा तसंच. त्या थांबल्या, गाणं गेलं. तिसऱ्या कडव्यात त्या थांबायच्या ऐवजी अर्धी ओळ सोडून पुढं गेल्या आणि तिथंही चुकल्या. मग त्यांनी हात मांडीत घेतला आणि गप्प बसल्या. गाणं आपलं आपलं वाजत राहिलं.

"आत्याबाई, काय झालं?" मी विचारलं.

"काई न्हाई व. मी मागं राहायलेय." जरा थांबल्या. "आधी न्हवते राहात. लय म्हातारी झाले मी."

त्या चुकलेल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं ज्या जागी गाणं थांबत आलं होतं, त्याच जागी त्या थांबल्या होत्या, आणि दोष स्वतःला लावून घेत होत्या. हे उठले, गाणं बंद केलं आणि अंगणात जाऊन मिठाच्या खड्ड्याशी उभे राहिले.

मला असा संताप आला. मी मागोमाग गेले. "इथं काय उभे राहिलात खांबासारखे? आत या आणि त्यांना सांगा, तुमचं काही चुकलं नाही म्हणून. ती बाई स्वतःला म्हातारी म्हणायलीय तुमच्यामुळं."

हे आत आले, आईपुढं बसले. "आई, तुझं बरोबर हाय. मीच कापलं."

"काय कापलंस?"

"मधलं. नावं पुकारलेली."

"कामून?"

"मधीमधी यायलती म्हणून."

आत्याबाईंनी विचार केला. रागावल्या नाहीत. "आरं, ती माणसं व्हती म्हणून तर पार्टी आली व्हती गावात," त्या म्हणाल्या, आणि मला चहा टाकायला सांगितला.

ह्यांचा एक गुण चांगला, हे काही टाकून देत नाहीत. घरात जुने नळसुद्धा ठेवलेत. कापायच्या आधीचं सगळं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात जसंच्या तसं होतं. चहा होईपर्यंत ह्यांनी ते शोधून काढलं. दार लावायला गेले, तर आत्याबाई म्हणाल्या, "दार कशाला लावायलास? गाणं हाय का भांडण हाय?"

मग दार उघडं राहिलं. खिडक्याही मीच उघडल्या, बरेच दिवस डोळा होता माझा त्यांच्यावर. गाणं सुरू झालं, खरखर, खोकला, बांगड्या, सगळं घेऊन. दुसऱ्या ओळीत अर्ध्यावर आत्याबाई थांबल्या आणि गाणंही थांबलं. पेटी बारीक झाली. गायकानं पुकार सुरू केली, तर आत्याबाई त्याच्याबरोबर पुकारायला लागल्या. त्याच तालात, तेच हेल काढून. नावामागून नाव. मग मध्येच आम्हाला सांगायच्या, हा गेला. हा हाय अजून, पण ऐकू येत न्हाई. ह्याचा लेक पुण्याला असतो. ह्यानं बक्षीस द्यायला बायकोकडून उसनं मागितलं व्हतं, ती तिथंच त्याला बोलली. आणि ओळ परत उचलायच्या वेळी बरोबर उचलायच्या, एकदासुद्धा मागं नाही.

गल्लीतल्या बायका दारात जमल्या. मालगाडी मध्येच आली आणि गेली, कुणी थांबलं नाही. आमचे हेही नाही.

शेवटच्या कॅसेटीतल्या एका पुकारीत एका बाईचं नाव आलं. अमक्याची बायको असं नाही, तिचं स्वतःचं नाव. आणि लगेच टेपमध्ये पार जवळून दोन बाया खुदुखुदु हसल्या, बांगड्या वाजल्या. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "ती हाय. माजी मैत्रीण. बक्षीस देऊन माज्या मागं लपली व्हती. नाव पुकारतील म्हणून ठाऊकच न्हवतं तिला." ती जागा त्यांनी पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी टेपमधल्याबरोबर त्याही हसल्या.

हे स्वयंपाकघरात आले. डोळे ओले. हळूच म्हणाले, "आता न्हाई जात बघ ती."

मला तसं वाटलं नाही. पण मी बोलले नाही, एवढा आनंद मी ह्यांच्या तोंडावर आधी बघितला नव्हता.

सकाळी येरवाळीच आत्याबाई डोक्याला तेल लावून, लुगडं बदलून तयार. पिशवी दाराशी. "बाबा, ते यंत्र उचल अन् गावाला चल."

"कशाला?"

"तिला ऐकवायचं हाय. तिनं ते ऐकलंच न्हाई कधी. ती कॅसेट भरली अन् मशीन बिघडलं ते बिघडलंच. तिला चालणं हुईना आता. लेकं पुण्याला. दारात बसून असती एकटी."

हे म्हणाले, मी गावातल्या एखाद्या पोराच्या फोनवर पाठवतो, तो ऐकवील तिला. आत्याबाई म्हणाल्या, "मग ती एकटीच ऐकंल की."

"बरं, मग चार दिवस जाऊन ये."

आत्याबाईंनी खुंटीवरचं उरलेलं लुगडंही पिशवीत भरलं, आणि त्यावरूनच आम्हाला कळलं, त्या कायमच्याच निघाल्यात. हे चिडले. आयुष्यात आईवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "मी काय कमी केलं तुला? काय पायजे ते सांग, आणून देतो."

"काईच कमी न्हाई केलंस. लय केलंस." आत्याबाईंचा आवाजही बदलला. "इतं तू ड्युटीला, ही शाळंत. मी खड्ड्याला पाणी घालून बसायलेय. तितं माजी माणसं हायती. जी हायती ती."

हे न जेवता ड्युटीला गेले. मी भांडी घासत रडून घेतलं. मला काय आत्याबाई नको होत्या का? शाळेतून आले की चहा पिताना दिवसभराचं सांगायला कुणीतरी होतं. मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यापासून मी भिंतींशी बोलायची. पण संध्याकाळी हे आल्यावर मीच म्हटलं, "एक सांगा. तुमी आईला गाणं ऐकवायला निघाला होता, का कोंडून ठेवायला?"

"माझ्या वाट्याला ती आलीच कधी?" हे म्हणाले.

"न्हाई आली," मी म्हटलं. "पण आता घ्यायची ती अशी रडवून घेणार का?"

हे उठून गाण्याच्या खोलीत गेले. मग स्क्रूड्रायव्हर मागितला. मी आणून दिला.

पॅसेंजरमध्ये आम्ही तिघं आणि यंत्र. दोन स्पीकर ह्यांच्या पायांत. कॉम्प्युटरचा डबा वाकळीत गुंडाळून आत्याबाईंच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. समोरच्या बाईनं विचारलं, बाळ केवढं हाय? आत्याबाई म्हणाल्या, "गाण्याचं हाय." त्या बाईला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं मान डोलावली.

पेडगावच्या घरात ह्यांनी यंत्र मांडलं. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टरला जोडलं, फक्त एक मोठं बटण बाहेर ठेवलं. तिकोन नाही, वाकळ नाही. स्पीकर कुठं ठेवू म्हणून आईला विचारलं, तिनं खिडकी दाखवली, आणि ह्यांनी स्वतःच्या हातानं त्यांची तोंडं गल्लीकडं केली. मैत्रिणीला दोघीतिघींनी हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. पार वाळलेली बाई, डोळ्यांवर जाड चष्मा. गाणं सुरू झालं. आजूबाजूची माणसं आपापल्या दारात आली. पुकार आली, तिचं नाव आलं. ती नुसती बघत राहिली. मग हसण्याचा आवाज आला, तेव्हा तिनं आत्याबाईंना विचारलं, "ह्या कोण हसायल्या व?"

"आपुनच," आत्याबाई म्हणाल्या.

म्हातारीनं आत्याबाईंचं मनगट धरलं, तेच मोडलेलं, आणि पुढचं सगळं गाणं होईपर्यंत सोडलं नाही. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "आवाज कसा येतोय?" असं त्यांनी त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.

दुपारी माणसं पांगली. मैत्रिणीला तिच्या घरी नेऊन निजवलं. आत्याबाईही बाजेवर आडव्या झाल्या, गाणं बारीक चालू, आणि डोळा लागला. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी दबक्या आवाजात म्हटलं, "चला. झोपल्यात तर झोपू द्या. उठवलं की उगं त्यांचा जीव खालीवर व्हायचा. गेल्यावर फोन करू."

हे चपला घालायला वाकले होते, तसेच थांबले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "आई असंच करायची. टोळीची गाडी अंधाराची निघायची. मी झोपेत असतानाच जायची, मी रडंन म्हणून. उठलो की चुलीपुढं चुलती दिसायची. मग मी कुणाला विचारायचोच न्हाई."

लग्नाला एवढी वर्षं झाली, हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या. आत जाऊन बाजेपाशी उकिडवे बसले आणि आईच्या खांद्याला हात लावला. "आई, ऊठ. मी जायलोय."

आत्याबाईंनी डोळे उघडले. लेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. "निघालास?"

"हाव. सांगून जावं म्हणलं."

त्या उठून बसल्या. पदर नीट केला, त्याच पदरानं डोळे पुसले आणि आमच्याबरोबर दारापर्यंत आल्या. मग गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. मग ठेसनाच्या वाटेला लागलो तरी येतच होत्या, लेकाचा हात धरून. ऊन होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, जा आता माघारी."

"जाते," त्या म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.